मॉरिशसमधला बीच क्लब: मुंबईहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुलुंडचे. मॉरिशसला तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा दोघंच, मग मुलीला घेऊन, आणि शेवटच्या वेळी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई बरोबर होत्या. तेव्हापासून सोसायटीत किंवा माहेरच्या ग्रुपवर कुणाचं तिकीट निघालं की मला फोन येतो, आणि फिरून फिरून प्रश्न तोच असतो: "तो प्रायव्हेट बीच क्लब घेऊ का गं?" सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

बीच क्लब म्हणजे नक्की काय?

समुद्रकाठची अशी जागा, जिथे दिवसाचे पैसे भरले की तुम्हाला आरामखुर्ची, छत्री, टॉवेल, गोड्या पाण्याचा शॉवर, कपडे बदलायची खोली आणि बाजूला रेस्तराँ मिळतं. काही ठिकाणी पोहायचा तलावही असतो. बहुतेक क्लब एखाद्या हॉटेलला जोडलेले असतात, काही छोट्या बेटांवर आहेत. सकाळी जायचं, दुपारचं जेवण तिथेच करायचं आणि ऊन उतरलं की परतायचं.

मेंबर असावं लागतं का?

नाही. नावात क्लब असला तरी आपल्या जिमखान्यासारखी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट नसते. बाहेरच्यांना ‘डे पास’ मिळतो. मात्र हॉटेल भरलेलं असेल तर बाहेरचे पास बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून नाव सांगून ठेवा.

किनारा खरंच खासगी असतो का? आपण बाहेरून आलो तर हाकलतील?

बहुतेकांची गल्लत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॉरिशसमध्ये समुद्रकाठच्या जमिनीला ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात, म्हणजे ‘मोजलेली पावलं’. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटर, म्हणजे जुन्या मापाने २५० फ्रेंच फूट, हा पट्टा सरकारी मालकीचा धरला जातो. त्याचा कायदा १८९५ सालचा आहे. हॉटेलं उभी आहेत ती या पट्ट्यावर भाडेपट्ट्याने. आणि भरतीच्या रेषेखालची ओली वाळू आणि पाणी सगळ्यांचं.

म्हणजे ‘प्रायव्हेट बीच’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी प्रायव्हेट आहे ती खुर्ची, छत्री, हिरवळ आणि बाथरूम. पाण्याच्या कडेने तुम्ही चालत गेलात तर कुणी अडवू नये. पहिल्या खेपेला आम्हाला हे ठाऊक नव्हतं. हॉटेलच्या रखवालदाराने नुसतं बघितलं तरी आम्ही अवघडून मागे फिरत होतो. शेवटी एका टॅक्सीवाल्याने समजावलं, "पाणी सगळ्यांचं आहे मॅडम, खुर्ची त्यांची." चौपाटीवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून किती हायसं वाटतं!

मग पैसे भरायचेच कशाला?

सावली, बाथरूम आणि सामान ठेवायला जागा, या तीन गोष्टींसाठी. यातलं काहीच लागणार नसेल तर भरू नका. तुमचं हॉटेल समुद्रावरच असेल तर अजिबात भरू नका. पॅकेजमधली बरीच हॉटेलं किनाऱ्यावरच असतात आणि त्यांच्या खुर्च्या तुम्ही आधीच विकत घेतलेल्या असतात. तरी लोक दुसरीकडे जाऊन पुन्हा तेच विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घ्यावा कुणी, तेही सांगते. ज्यांचा मुक्काम गावात किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे त्यांनी. ज्यांची खोली सकाळी सोडायची आहे आणि विमान रात्रीचं आहे त्यांनी. बरोबर तान्हं मूल असेल, वयस्कर माणूस असेल, तर हमखास घ्यावा. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा एक दिवसाचा पास काढला होता. स्वच्छ बाथरूम पन्नास पावलांवर आहे म्हटल्यावर त्या दिवसभर निवांत पाणी पीत होत्या. एरवी प्रवासात बाहेर पडलं की त्या पाणी पिणंच बंद करतात. तुमच्याही घरी एखादी बाई असं करत असेल. तिच्यासाठी ते पैसे वसूल आहेत.

पूर्व किनारा घ्यावा की पश्चिम?

मुंबईकराला समुद्र म्हणजे सूर्यास्त. मरीन ड्राइव्ह असो की वर्सोवा, सूर्य समोर पाण्यात बुडतो. मॉरिशसला दोन्ही बाजू आहेत, आणि पूर्वेकडचा क्लब घेऊन संध्याकाळी सूर्यास्ताची वाट बघत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. तिथे सूर्य पाण्यातून उगवतो, मावळतो तो डोंगराआड. सूर्यास्त हवा असेल तर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा नैऋत्येला ल मोर्न.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि पूर्वेचा किनारा ते अंगावर घेतो. छत्री धरून बसावं लागतं, वाळू डोळ्यांत जाते. त्या महिन्यांत पश्चिम आणि उत्तर किनारा शांत असतो. उन्हाळ्यात मात्र पूर्वेचा हाच वारा हवाहवासा वाटतो. तिथल्या बेल मार या किनाऱ्याची वाळू तर फारच मऊ आहे, आणि तिच्यामागे आपल्या कोकणासारखी सुरूची झाडं. तिकडे त्यांना ‘फिलाओ’ म्हणतात.

कोणत्या सुट्टीत जावं?

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. आरशात बघावं तसं. आपला मे म्हणजे तिथे हिवाळ्याची सुरुवात, आपली नाताळची सुट्टी म्हणजे तिथे ऐन उन्हाळा.

माझं मत दिवाळीच्या सुट्टीला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस कमी, वारा मंदावलेला आणि पाणी कोमट होऊ लागलेलं असतं. मे महिनाही चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. आकडा ऐकून काही वाटत नाही, पण मुंबईच्या पाण्याची सवय असलेली मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. फेब्रुवारीत तेच पाणी २७-२८ अंशांवर असतं, पण जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळाचे मुख्य महिने. त्या काळात जाणार असाल तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

नाताळात जाणाऱ्यांनी उन्हाचं गांभीर्य ओळखावं. मेच्या मध्यावर मुंबईत ‘शून्य सावलीचा दिवस’ येतो ना, तसा तिथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. या दोन्हींच्या मधले दोन महिने दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. थंडगार वारा असतो म्हणून कळत नाही, आणि रात्री पाठ टेकवत नाही. अकरा ते तीन छत्रीखालीच बसा.

इल ओ सेरला जायचं आहे. तिथलं कसं असतं?

नावाचा अर्थ ‘हरणांचं बेट’. जावा बेटावरची हरणं डचांनी १६३९ मध्ये मॉरिशसला आणली होती, पण या बेटावर आता हरणं शोधत बसू नका. साधारण ८७ हेक्टरचं बेट, त्यातल्या मोठ्या भागावर जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने आखलेलं १८ होलचं गोल्फ मैदान, आणि कडेला वाळू आणि उथळ निळंहिरवं पाणी. पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूस गावातून बोटीने पाऊण-एक तास लागेल असं वाटतं, पण पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. 

बोटीने जायचं तर दोन पर्याय: नुसती ने-आण करणारी बोट, किंवा दिवसभराची सहल, ज्यात ग्राँद रिव्हिएर सुद एस्तचा धबधबा आणि बार्बेक्यू असतो. दुसरा पर्याय स्वस्तात मस्त वाटतो, पण बेटावर मिळणारा वेळ कमी होतो. आमच्या एका बोटवाल्याने तर धबधब्यावर आणि जेवणात इतका वेळ घालवला की वाळूवर जेमतेम तासभर मिळाला. मुलगी रडतच बोटीत बसली. म्हणून ठरवतानाच विचारा: बेटावर किती वाजता उतरवणार, किती वाजता उचलणार? आणि उतरल्या उतरल्या शेवटच्या बोटीची वेळ मोबाइलमध्ये लिहून घ्या.

प्रवासी बोटींना तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. किनाऱ्यावर "चला चला" करत येणाऱ्याकडे परवाना मागायला संकोचू नका, आणि लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय बोट हलू देऊ नका.

बेटावर थोडं चालायची तयारी ठेवा. धक्क्याजवळच्या वाळूवर गर्दी असते, दहा मिनिटं पुढे गेलात की बरीच विरळ होते. तिथे खुर्ची नाही, पण झाडाची सावली आहे आणि ती फुकट आहे.

खर्च कसा मोजायचा?

रक्कम सांगत नाही, कारण मोसमाप्रमाणे ती बदलते. विचारायचं काय ते सांगते. पासाच्या रकमेतली किती खाण्यापिण्यात वळती होते? बऱ्याच ठिकाणी काही भाग होतो, आणि मग पास वाटतो तितका महाग पडत नाही. लहान मुलांचं किती? टॉवेल धरून की वेगळा? बोट त्यात आहे का? मेन्यूवरच्या किमतीत कर धरला आहे का? एक मॉरिशियन रुपया म्हणजे आपले दीड ते दोन रुपये. दोन्हीकडे ‘रुपये’च म्हणतात, त्यामुळे मेन्यू वाचताना मन फसतं. दुप्पट करून वाचायची सवय लावा.

यूपीआय चालतं का?

मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रूपे १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालं. पण सगळीकडे चालेल अशा भरवशावर राहू नका. क्लबात कार्ड चालतं. बोटवाला, नारळवाला आणि धोल पुरीवाला (धोल पुरी म्हणजे तिथली सारण भरलेली पोळी) यांच्यासाठी रोख ठेवा.

डबा नेता येईल का?

क्लबात नाही. पाण्याची बाटली आणि तान्ह्याचं खाणं सोडलं तर बाहेरचं चालत नाही, आणि थेपले लपवून खाण्यात मजा नाही.

पण सार्वजनिक किनाऱ्यावर खुशाल न्या. रविवारी फ्लिक-आं-फ्लाक, मों श्वाझी किंवा बेल मारला गेलात तर तिथली कुटुंबं सुरूच्या सावलीत चटया पसरून, पातेलीच्या पातेली जेवण घेऊन आलेली दिसतील. कुणीतरी रावान (डफासारखं वाद्य) वाजवत असतं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सेगा हे तिथलं लोकनृत्य नाचत असतात. शेजारच्या चटईवरून आमच्या मुलीला बिर्याणीची बशी आली होती, आम्ही त्यांना भाकरवडी दिली. तीन सहलींतला तो माझा सगळ्यात आवडता दिवस, आणि त्याला पास लागला नव्हता.

मुंबईहून बंद पाकिटातलं सुकं खाणं न्यायला हरकत नाही. ताजी फळं, बिया, रोपं मात्र नेऊ नका. परवान्याशिवाय ती आत येऊ देत नाहीत, हापूसची पेटीसुद्धा.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. क्लबात पिझ्झा, पास्ता, सॅलड, भाजीचा पुलाव असं मिळतं, पण ते महाग आणि साधारण. खरी चैन रस्त्यावर आहे. धोल पुरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊसूत पोळी. आपल्या पुरणपोळीची बिनगोड बहीण म्हणा. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा, आणि चटणी घालून गुंडाळून देतात. ती जोडीनेच विकतात, म्हणून "एक" म्हटलं तरी हातात दोन येतात. गातो पिमां हे डाळीचे मिरचीवाले वडे. उन्हातून आल्यावर आलुदा घ्या, आपल्या फालुद्याचाच भाऊ. क्लबात शिरण्याआधी हे पोटभर खाऊन घ्या आणि आत फक्त शहाळं मागवा.

कपड्यांचं काय? सासूबाईंना साडीत बसू देतील का?

बसायला कुणाची ना नाही. वाळूवर कुणी वळूनही बघत नाही, तुम्ही बिकिनीत असा की पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत. पण पाण्यात साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस नको. कापूस पाणी पितो, जड होतो, पायात गुंडाळतो. सासूबाईंना आम्ही दादरहून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा पोहायचा पोशाख घेऊन दिला. आधी "हे काय घालू मी" म्हणाल्या, मग कमरेइतक्या पाण्यात तासभर बसल्या. क्लबाच्या तलावात तर पोहायचे कपडे सक्तीचे असतात. रेस्तराँमध्ये जाताना वरून काहीतरी घालावं, पाणी ठिबकत जाऊ नये.

पोहता येत नाही. पाण्यात उतरावं का?

उतरा, पण कुठे ते बघून. आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक चार-साडेचार मीटरच्या वर जातो. अक्साला पाणी कसं झपाट्याने येतं आणि माणसाला ओढून नेतं, ते आपण दर पावसाळ्यात ऐकतो. मॉरिशसला हा फरक साधारण अर्ध्या मीटरचा. शिवाय बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं.

म्हणूनच माणूस गाफील होतो. प्रवाळाच्या भिंतीला मधूनमधून खिंडी आहेत आणि आतलं पाणी तिथून जोराने बाहेर ओढलं जातं. पांढऱ्या लाटांच्या रेषेकडे कधीही पोहत जाऊ नका. पिवळ्या तरंगत्या खुणांच्या आत राहा, त्यापलीकडे स्पीडबोटी फिरतात. शिवाजी पार्कच्या तलावात वीस फेऱ्या मारणाऱ्यालाही हाच नियम. आणि जीवरक्षक आहे का, हे क्लबात पहिल्यांदा विचारा. दक्षिणेला ग्री ग्रीसारख्या ठिकाणी प्रवाळाची भिंतच नाही. तिथे कड्यावरून समुद्र बघायचा, पाण्यात जायचं नाही.

पाण्यात पायाला काही टोचतं, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. समुद्री साळू असतात, काळ्या काट्यांच्या गोळ्यासारखे. आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, तिथे त्याला ‘लाफ’ म्हणतात. स्वच्छ वाळूवर भीती कमी, खडक आणि शेवाळाजवळ जास्त. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट प्रत्येकाला घ्या. इथे मुंबईतच घ्या, तिथे महाग पडतात.

लाफचा काटा लागला तर वेदना असह्य असते. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण उष्णतेने ते विष निष्प्रभ होतं, आणि लगेच रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेचा नंबर ११४. प्रवासविम्यात पाण्यातले खेळ धरले आहेत का, तेही मुंबईतून निघण्याआधी वाचून घ्या. पॅरासेलिंग बऱ्याच विम्यांत नसतं.

गुडघे दुखतात. बोटीत चढता येईल का?

गेटवेला मांडव्याची लाँच जमत असेल तर साधी बोट जमेल. कॅटामरानला (दोन सांगाड्यांच्या मोठ्या बोटीला) मात्र बरेचदा शिडीने पाण्यात उतरावं लागतं आणि परत चढावं लागतं. ते टाळा. वाळूत चालणंही गुडघ्यांना जड जातं, तेव्हा गाडी थेट दारापर्यंत जाणारा मुख्य बेटावरचा क्लब निवडा.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि प्रवासाआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म जवळ ठेवा. मुंबईहून थेट विमानाला सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे करायचं. रोजची औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. तिथे औषधांबाबत कडक तपासणी असते.

तिथे मराठी कुणी भेटेल का?

भेटेल, आणि क्लबच्या काउंटरवरही भेटू शकेल. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या दशकांत मुंबई बंदरातूनही जहाजं गेली आणि त्यांत रत्नागिरीकडचे लोक होते. त्यांचे वंशज आज घरात क्रेओल ही फ्रेंचवरून आलेली तिथली बोली बोलतात, पण मराठी शाळेत शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. एका क्लबात टॉवेल देणाऱ्या मुलाने सासूबाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून "नमस्कार आजी" म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. सहलीतली एक सकाळ समुद्राला न देता पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला द्या. मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आले, त्या तिथे जपून ठेवल्या आहेत. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे.

सनस्क्रीनने प्रवाळ मरतं म्हणतात. मग लावायचं नाही?

लावा, पण झिंक ऑक्साइडचं घ्या, आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख घाला म्हणजे कमी लागेल. प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड नाही, जीव आहे. तिथल्या लोकांना त्याची किंमत नीट कळली आहे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ जहाज पॉइंत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं आणि पुढे साधारण हजार टन तेल पाण्यात गेलं. तेव्हा गावच्या लोकांनी उसाचा पाला आणि माणसांचे केस कापडात भरून तेल अडवायचे लांबच लांब बांध शिवले. ज्या पाण्यात आपण दोन तास डुंबतो, ते पाणी त्यांनी हातांनी वाचवलं आहे.

मुलं शंख गोळा करतात. घरी आणू द्यायचे का?

नाही. शंख आणि प्रवाळ उचलून नेण्याला तिथे मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. आमच्या मुलीने एक सुंदर शंख उचलला होता, आम्ही तो तळहातावर स्थिर धरायला सांगितला. मिनिटभराने आतून दोन डोळे आणि तांबडे पाय बाहेर आले. तो शंख रिकामा नव्हता, त्यात खेकड्याचं बिऱ्हाड होतं. तिने स्वतःच जाऊन तो ओल्या वाळूवर ठेवला आणि तो पाण्याकडे निघेपर्यंत शेजारी उकिडवी बसून राहिली.